मोमोच्या जोत्यावरचं खळं

सिएरा लिओनमधली लढाई संपली, हे रेडिओवर कितीदा सांगून झालं तरी जेबेला ते खरं वाटायला आणखी एक पावसाळा जावा लागला. मग ती गिनीतल्या छावणीतून डोक्यावर गाठोडं घेऊन आपल्या फालाहून या गावी परत आली. गाव जिथल्या तिथे होतं, पण भिंतींवर छपरं नव्हती आणि अंगणांत माणूस बुडेल एवढं गवत माजलं होतं. तिच्या घराचं तर नुसतं जोतं उरलं होतं. त्या घरात तिचा नवरा मोमो आणि म्हातारी सासू जळून मेली होती. मागे राहिलेल्या कुणीतरी हाडं वेचून आंब्याखाली पुरली, एवढं तिला छावणीतच कळलं होतं. तिनं जोत्याकडे पाठ केली, धाकट्या बहिणीच्या, माट्टूच्या अंगणात झोपडी घातली आणि दलदलीतल्या भातखाचरात उतरली.

खाचरं आता बायकांचीच होती. पुरुष थोडे उरलेले, आणि उरलेल्यांतले निम्मे हिऱ्यांच्या खाणींकडे गेलेले. भात चांगलं यायचं. रडगाणं होतं ते त्यापुढचं. कापणीच्या वेळी पाऊस पुरता सरलेला नसे. ओलं भात पसरायला गावात धड सपाट जागा नाही. सडकेवर घालावं तर काही शेळ्यांच्या पोटात, काही ट्रकच्या चाकाखाली. घरात ठेवावं तर पोत्यातच मोड फुटायचे. मग बायका ते ओलंच बो शहरातल्या व्यापाऱ्याला घालत, तो म्हणेल त्या भावानं. आणि ऑगस्टात चुली थंड पडल्या की त्याच माणसाकडून तांदूळ विकत आणत, तोही तो म्हणेल त्याच भावानं.

"आपण त्याच्या पोराच्या दाया गं ताई," माट्टू म्हणायची. "दूध पाजायचं आपण, अन् पोर चालायला लागलं की नेणार तो."

तर अशा दिवसांत सोवा साहेब मोटारसायकलवरून गावात आले. जिल्ह्याच्या गावी एक योजना आली होती, लढाईत बसलेल्या खेड्यांना उठवण्यासाठी. साहेब आपल्याच भागातले, गावाचीच मेंदे भाषा बोलणारे, हसरे. त्यांनी खुर्ची नाकारली, सगळ्यांबरोबर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "हे काम माझं नाही, सरकारचंही नाही. तुमचं आहे. काय हवं ते गावानं ठरवायचं, गावानं राबायचं, गावानंच सांभाळायचं. आम्ही नुसते पाठीशी."

खुर्चीवर एकटेच गावप्रमुख गेवाओ बसले होते. चावडीत बसून तंटे ऐकायचे आणि दंड ठोठवायचे, तेही तेच. बंडखोर नदी ओलांडून आले तेव्हा ते रातोरात राजधानीला, फ्रीटाऊनला गेले होते. तिथून ते आणखी थोडे जाड होऊन, कडक इस्त्रीचा झगा घालून परतले होते. ते म्हणाले, "ठरवायचं काय त्यात? चावडीला पत्रे घालायचे. चावडी नाही तर गाव कसलं?"

पुरुषांनी माना हलवल्या. जेबे मागे बायकांत बसली होती. ती उठेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"बाबा, पत्र्याखाली बसून आम्ही खायचं काय?" ती म्हणाली. "दंड?"

आधी कुणीच हसलं नाही. मग माट्टू फसकन हसली, आणि तिच्या मागे सगळ्या बायका. जेबेनं तेवढ्यात सांगून टाकलं: सिमेंटचं खळं हवं, शेजारी उंच जोत्याचं कोठार हवं. भात वाळेल, टिकेल, अन् ऑगस्टात विकता येईल. साहेबांनी धुळीत दोन गोल काढले, एकात चावडी आणि एकात खळं, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक खडा दिला. खळ्याच्या गोलात खड्यांचा ढीग पडला. लढाईनं बायकाच जास्त ठेवल्या होत्या, त्याचा असा एकदा तरी उपयोग झाला. गेवाओंनी आपला खडा हातातच फिरवत ठेवला आणि शेवटी हसून म्हणाले, "गावानं ठरवलं ना? मग झालं."

त्या दिवशी बायका अंधार पडेपर्यंत नाचल्या. जेबेला कुणीतरी खांद्यावर घेतलं. नवरा गेल्यापासून तिला कुणी एवढ्या उंचावरून गाव दाखवलं नव्हतं.

मग जागेचा प्रश्न निघाला. खळ्याला सपाट, उन्हाची, सडकेलगतची, पाणी न साचणारी जागा पाहिजे. समिती गावभर फिरली. समितीचे अध्यक्ष अर्थातच गेवाओ. फिरून फिरून सगळे एकाच ठिकाणी येऊन उभे राहिले: मोमोच्या जोत्यावर.

"खळं तूच मागितलंस," गेवाओ जेबेला म्हणाले. आवाजात साखर होती. "आता जागेला नाही म्हणालीस तर बायका काय म्हणतील?"

बायका काहीच म्हणाल्या नाहीत. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि तेच वाईट होतं. जेबेनं दोन दिवस कुणाशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी जोत्यावरचं गवत तिनं स्वतः कापायला घेतलं.

पण तिच्याकडून अजून एक गोष्ट हवी होती. ते सांगायला सोवा साहेब मुद्दाम तिच्या झोपडीशी आले. बांधकामाला गवंडी लागणार. बाहेरचा आणायचा तर परवडत नाही. गावात एकच गवंडी होता, बोईमा. हत्यारं खाली ठेवणाऱ्या लढवय्यांना सरकारनं धंदे शिकवले होते. बोईमाला गवंडीकाम मिळालं, वर थापी, ओळंबा आणि पहार भरलेली पेटी. लढाईत ज्यांची घरं जळली त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं.

जेबेचं घर जाळणाऱ्यांत बोईमा होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तो का जंगलात गेला, हेही गावाला ठाऊक होतं. गेवाओंच्या धाकट्या बायकोशी तो नदीवर बोलला, असा त्याच्यावर आळ आला. बोलला असेलही, तेव्हा तो विशीतला होता. गेवाओंनी एक शेळी आणि पोतंभर तांदूळ दंड ठोठावला. बोईमाची आई विधवा, तिच्याकडे तेवढी एकच शेळी. वसुलीला गेवाओंचा माणूस गेला, आणि तो माणूस म्हणजे मोमो. बोईमा त्याच आठवड्यात जंगलात बंडखोरांना जाऊन मिळाला. बंदूक घेऊन परतला तेव्हा गेवाओ फ्रीटाऊनला पोचले होते. मोमो मात्र घरीच होता. म्हातारी आई चालू शकत नव्हती, म्हणून जेबेला पळणाऱ्यांबरोबर लावून तो थांबलेला.

"योजनेचा नियमच आहे," साहेब म्हणाले. त्यांना बोलताना त्रास होत होता, हे जेबेला दिसलं. "गावात वैर असलं तर काम मंजूर होत नाही. समेट झालेला दिसला पाहिजे."

"दिसला पाहिजे ना?" जेबे म्हणाली. "मग दाखवू."

चावडीच्या वाशांखाली सगळं गाव जमलं. बोईमा पालथा पडून सरपटत आला आणि त्यानं जेबेचं पाऊल दोन्ही हातांनी धरलं. गेवाओंनी रीतीची कडू कोलाची फळं फोडून वाटली, समेटाचे चार शब्द बोलले. रीत अशी की बाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. जेबेनं ठेवला. पाठ घामानं ओली होती, आणि हाताखाली श्वास जोरात चालला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी फोटो काढला. घरी येऊन जेबेनं हात राखेनं घासला.

काम सुरू झालं. वाळू नदीतून, खडी डोंगरातून, दोन्ही बायकांच्या डोक्यावरून. योजनेच्या भाषेत त्याला गावाचा वाटा म्हणत. पुरुषांनी पाया खोदला. रांधण्याच्या पाळ्या लागल्या. जेबेची पाळी आली की ती भात आणि कसावाच्या पाल्याची भाजी पामतेलात घालून न्यायची, आणि बोईमाचं ताट त्याच्यापासून हातभर लांब ठेवायची. तोही मान वर करत नसे. काम मात्र त्याचं देखणं होतं. पाणी कुठून उतरेल, ऊन कुठून येईल, सगळं बघून तो खळ्याला अंगठ्याएवढा उतार देत होता. "हात आहे पोराला," म्हातारे म्हणत. जेबेला तेही बोचायचं. कुणाच्या हातात काय काय असतं, असं तिच्या मनात यायचं.

एकदा दुपारी बाकीचे नदीवर गेले होते. बोईमा खळ्याच्या पायाची माती सारखी करत होता. जिथे तो वाकला होता तिथे एके काळी तिचा रांजण असायचा. जेबेनं ताट ठेवलं, पण परत फिरली नाही.

"त्या दिवशी तू कुठे उभा होतास?" तिनं विचारलं.

त्यानं थापी खाली ठेवली. "दारात."

"आणि पेटवलं कुणी?"

"हुकूम दुसऱ्याचा होता, आई. पण हात माझाच. खोटं नाही बोलणार."

"म्हातारी ओरडली का?"

"नाही. मोमो तिच्याशी बोलत होता. शेवटपर्यंत काहीतरी बोलत होता. मला ऐकू आलं नाही काय ते."

जेबे सावकाश खाली बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. थोड्या वेळानं ती उठली. "जेव," ती म्हणाली. "गार होतंय." दुसऱ्या दिवशी पाळी माट्टूची होती, जेबेनं ती मागून घेतली. ताट लांब ठेवायचं मात्र तिनं सोडलं नाही.

खळं झालं, जोत्याच्या दाराकडच्या अंगाला कोठार झालं. उद्घाटनाला राजधानीतून पाहुणे आले, दोन गोरे लोकही होते. जेबेला नवं लुगडं नेसवून पुढे बसवलं, एका बाजूला गेवाओ, दुसऱ्या बाजूला बोईमा. पाहुण्यांतली एक बाई भाषण करताना जेबेकडे बघून डोळे टिपत होती. हिच्या आसवांचं काय करावं, ते जेबेला कळेना. पण कापणी जवळ आली होती, आणि खळं उन्हात कसं लखलखत होतं. त्याच्याकडे बघून तिला वाटलं, ठीक आहे. मोमोची जागा आहे, पण भात वाळेल. पोरं ऑगस्टात जेवतील. एवढ्यासाठी चालेल.

पहिल्या हंगामात वाळलं. कोठार भरलं. त्या ऑगस्टात बायकांनी आपला तांदूळ आपण खाल्ला आणि उरला तो चढ्या भावानं विकला. माट्टूनं घरावर पत्रे घातले. जेबेनं दोन शेळ्या घेतल्या.

दुसऱ्या हंगामात कोकोचा भाव वर गेला. कोकोच्या बागा सगळ्या गेवाओंच्या घराण्याच्या. बायका भाताचे भारे घेऊन आल्या तर खळ्यावर कोकोच्या बिया पसरलेल्या, आणि कोठाराला नवं कुलूप.

"समितीनं ठरवलंय," गेवाओंचा माणूस म्हणाला. "हे वर्ष कोकोला. बो शहरातल्या व्यापाऱ्यानं कोठार घेतलंय भाड्यानं. भाडं गावाच्या कामाला येईल."

"कुठल्या समितीनं?" माट्टू म्हणाली. "मी समितीत आहे, मला नाही बोलावलं ते?"

"तू खाचरात होतीस."

बायकांनी साहेबांची वाट पाहिली. साहेब आले, सगळं ऐकून घेतलं, गेवाओंकडे जेवले आणि निघताना जेबेला बाजूला घेऊन म्हणाले, "काकी, मला कळतं हो. पण योजना गावाची आहे. समितीनं ठरवल्यावर आम्ही मधे पडलो तर ती गावाची राहील का? तुमच्या तुम्ही मिटवा."

"साहेब, वाळू वाहताना पण ती आमचीच होती, अन् आता पण आमचीच," जेबे म्हणाली. "फक्त कुलूप तेवढं त्यांचं."

साहेबांनी मान खाली घातली आणि मोटारसायकलला लाथ मारली. ते वाईट नव्हते. त्यांच्याकडे अजून पुष्कळ गावं होती.

भात ओलं होतं, थांबायला तयार नव्हतं. एका पहाटे बायकांनी जाऊन कोकोच्या बिया नीट गोळा केल्या, एकही न सांडता कडेला ढीग घातला, आणि आपलं भात पसरलं. जेबे सगळ्यांत पुढे होती. दुपारी गेवाओंच्या माणसांनी भात ओलंच उचलायला लावलं आणि चावडीवरून बोलावणं आलं. चावडीला तोवर पत्रे लागले होते; कुठल्या पैशानं, ते कुणी विचारलं नाही. गेवाओंनी बाकीच्यांना समज देऊन सोडलं. जेबेला दंड झाला: एक शेळी आणि पोतंभर तांदूळ.

संध्याकाळी बोईमा आला. अंगणाच्या कुडाशी उभा राहिला, आत आला नाही. मागे सडकेवर चार-पाच तरुण घुटमळत होते.

"देऊ नकोस आई," तो म्हणाला. "तू फक्त हो म्हण. कोठाराच्या दाराची चौकट मी बसवलीय, कुलपाला हात न लावता मी ते दार उतरवतो. भात आत टाकू."

"अन् मग?"

"मग बघू कोण बाहेर काढतं ते."

"पोलीस आले तर?"

त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. घर पेटवलं त्या दिवशीही ते तिथे असणार, असं जेबेला वाटलं. तिला भीती वाटली, आणि भीतीहून वाईट म्हणजे एक क्षण गोडही वाटलं. गेवाओंच्या नव्या पत्र्यांवरून धूर निघतोय, असं तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"तुझ्या आईची शेळी गेली, तेव्हा तू असाच उभा असशील," ती म्हणाली.

"असाच."

"काय मिळालं रे त्यातून? ज्यानं दंड केला तो अजून खुर्चीवर आहे. जळलं ते माझं. उद्या पण तसंच होईल. तो फ्रीटाऊनला जाईल अन् इथे त्याच्या माणसाची म्हातारी आई मरेल. जा. त्या पोरांना पण घरी जायला सांग."

"म्हणजे देणार तू?"

"देणार."

सकाळी तिनं शेळीच्या गळ्यात दोर बांधला. तांदळाचं पोतं माट्टूनं डोक्यावर घेतलं. सारा रस्ता माट्टू दातओठ खात होती. चावडीत बरेच लोक होते. जेबेनं शेळी खुर्चीच्या पायाला बांधली.

"बाबा, दंड आणलाय," ती म्हणाली. "फक्त एक विनंती आहे. या खेपेला पळायची वेळ आली तर आधी सांगा. मागच्या वेळी आमच्या माणसांना वेळेवर कळलंच नाही, ती घरातच राहिली."

चावडीत कुणी हललं नाही. शेळी तेवढी ओरडली. गेवाओंचा चेहरा राखेसारखा झाला. मग ते शांतपणे म्हणाले, "प्रमुखाचा अपमान. आणखी एक शेळी."

जेबेनं दुसरी शेळीही आणून बांधली. कुणी तिच्या बाजूनं बोललं नाही, पण ती निघाली तेव्हा म्हाताऱ्यांनी पाय आखडून तिला वाट दिली.

त्याच आठवड्यात बोईमानं गाव सोडलं. थापी-ओळंब्याची पेटी खांद्यावर टाकून तो ट्रकची वाट बघत सडकेवर उभा होता. जेबे खाचराकडे निघाली होती. इतकी वर्षं ती देवाकडे हेच मागत होती, की हा माणूस डोळ्यांसमोरून जाऊ दे.

"खाणीकडे?" तिनं विचारलं.

"केनेमाला. तिथे घरं बांधतायत म्हणे." तो पायाकडे बघत होता. "आई, त्या दिवशी चावडीत माझ्या पाठीवर हात ठेवलास. तो खरा होता का?"

"नाही," जेबे म्हणाली.

त्यानं मान हलवली, जणू त्याला तेच ऐकायचं होतं. ट्रक आला. तो मागे चढला आणि पोत्यांवर बसला. जेबे थांबली नाही. पण खाचरात उतरल्यावर कितीतरी वेळ तिनं विळा हातात नुसताच धरून ठेवला. आता गावात तिच्याशी खरं बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या वर्षी बायकांचं निम्मं भात पोत्यांत उगवून आलं. उरलेलं ओलंच व्यापाऱ्याकडे गेलं. ऑगस्टात चुली थंडावल्या, तशी व्यापाऱ्यानं कोठार उघडून तांदूळ विकायला काढला. जेबेही टोपली घेऊन गेली. रांग लांब होती आणि पाऊस पडत होता, म्हणून ती छपराच्या आडोशाला दाराशी सरकली. मोमोच्या घराचं दार पूर्वी बरोबर तिथेच होतं.

आत वजन करणारा व्यापाऱ्याचा कारकून बो शहरातला होता, नवा.

"बाई, दारात नका उभ्या राहू," तो म्हणाला. "माल ओला होतो."

जेबे बाजूला सरली.